राखणदाराची उधारी: आरपीजीच्या जगासाठी जादू कशी बांधावी

आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत खेळायचा खेळ. त्यातल्या नव्या जगासाठी जादू लिहायला बसलेला जीएम, म्हणजे खेळ चालवणारा सूत्रधार, बहुधा स्पेलच्या, म्हणजे मंत्रांच्या, यादीपासून सुरुवात करतो. चाळीस-पन्नास नावं सुचतात, प्रत्येकापुढे नुकसानीचे फासे लिहिले जातात आणि दोन-तीन सेशननंतर, म्हणजे खेळाच्या बैठकींनंतर, दिसतं की खेळाडू त्यातले चारच स्पेल फिरवून फिरवून वापरताहेत. यादी अगदी शेवटी करायची असते. आधी ठरवायचं ते एवढंच, की जादूची किंमत कोण भरतो आणि कधी भरतो. बाकीचे नियम याच्या उत्तरातून आपसूक निघतात. निघत नसतील तर उत्तर अजून कच्चं आहे असं समजावं.

प्रचलित खेळ या नजरेने बघितले की त्यांची स्वभाववैशिष्ट्यं लगेच कळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४ सालच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये (डी अँड डी) किंमत आगाऊ भरलेली असते. सकाळी मंत्र डोक्यात भरायचा, वापरला की तो गेला, उद्या पुन्हा भरायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांतून आली. १९८१ च्या कॉल ऑफ कथुलूमध्ये मंत्र पात्राची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, खातो आणि ती सहजासहजी परत मिळत नाही. १९८९ च्या शॅडोरनमध्ये वसुली जागच्या जागी होते, मंत्र टाकणाऱ्याला त्याचा ‘ड्रेन’, म्हणजे शीण, अंगावर झेलावा लागतो. १९९३ च्या मेज: द असेन्शनमध्ये उघडउघड अशक्य गोष्ट केली तर वास्तव उलटतं, आणि सामान्य माणसं बघत असतील तर जास्तच जोरात.

आगाऊ भरण्यात एक कायमचा घोटाळा आहे. रात्रभर झोपलं की खातं पुन्हा भरतं. म्हणजे खरी किंमत एक रात्र, आणि ती भरायला पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, कायम तयार असते. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डीएम गाइडने, म्हणजे सूत्रधारासाठीच्या पुस्तकाने, एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरल्या आहेत. घरगुती टेबलावर एका दिवसात एवढ्या चकमकी क्वचितच होतात. मग विझर्ड, म्हणजे जादूगार, पहिल्याच मारामारीत सगळे स्लॉट, म्हणजे दिवसभरासाठी मिळालेले मंत्रांचे वाटे, ओततो आणि तंबू ठोकायची भाषा करतो, आणि तलवारवाला बघत बसतो.

उरतो तो उधारीचा मार्ग. आज घ्यायचं, नंतर फेडायचं. या मार्गावर अजून बरंच काम शिल्लक आहे असं माझं मत आहे, आणि त्यासाठी लागणारी अख्खी परिभाषा आपल्याकडे तयार आहे. कोकणात आणि गोव्यात गावाच्या शिवेला राखणदार असतो. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतात आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. कौल लावतात, तो उजवा किंवा डावा होतो. नवस बोलतात आणि तो फेडावाच लागतो. मागणी, फासा, किंमत आणि परतफेड असे खेळाचे चारही भाग इथे जागच्या जागी आहेत. खाली याच पायावर पूर्ण व्यवस्था उभी केली आहे. ही जिवंत श्रद्धा असल्यामुळे खऱ्या गावांची आणि खऱ्या देवांची नावं वापरू नयेत. आपल्या नकाशावरची गावं आणि त्यांचे राखणदार स्वतः निर्माण करावेत.

काय करता येतं, काय नाही

१९८७ च्या आर्स मॅजिकामध्ये पाच क्रियापदं आणि दहा नामं आहेत. त्यांच्या गुणाकारातून पन्नास प्रकारची जादू निघते. स्पेलच्या यादीपेक्षा ही पद्धत कितीतरी सरस. लहान टेबलाला मात्र पन्नास जास्त होतात. इथे क्रियापदं पाच: राखणं, दाखवणं, लपवणं, अडवणं, वळवणं. नामं सहा: पाणी, माती, वाट, झाड, जनावर, माणूस. एकूण तीस जोड्या होतात आणि त्या सगळ्या एका पानावर मावतात. ‘वाट वळवणं’ म्हणजे चकवा. ‘जनावर अडवणं’ म्हणजे वाघ पाणवठ्याच्या अलीकडे येत नाही. ‘झाड दाखवणं’ म्हणजे काल रात्री त्या वडाखाली कोण उभं होतं ते दिसतं. मराठी खेळाडूला यातली एकही जोडी समजावून सांगावी लागत नाही.

या नामांत आग नाही, ती मुद्दाम गाळली आहे. क्रियापदांत निर्माण करणं, मारणं आणि मेलेल्याला उठवणं नाही. ‘माणूस’ हे नाम शरीरापुरतं आहे, मनाला हात लावता येत नाही. राखणदार राखतो, त्याच्या स्वभावात जे नाही ते त्याच्याकडे मागून मिळत नाही. हे नकार पहिल्या सेशनच्या आधी खेळाडूंना लेखी द्यावेत. खेळ मध्यावर आल्यावर नकार सांगितला तर तो अडवणूक वाटतो. आधी सांगितलेला नकार जगाचा नियम ठरतो.

नवसाची शिडी

प्रत्येक मागणी दोन मापांनी मोजायची.

आवाका: एक माणूस किंवा एक वस्तू असेल तर १, एक घर किंवा दहापर्यंत माणसं असतील तर २, वाडी ३, गाव ४, शिवेपलीकडचं ५.

मुदत: एक कृती होईपर्यंत १, एक प्रहर म्हणजे तीन तास २, एक दिवस-रात्र ३, एक ऋतू म्हणजे दोन महिने ४, कायमचं ५.

दोन्हींतला मोठा आकडा ही नवसाची पायरी. दोन्ही आकडे सारखे आणि तीन किंवा चार असतील तर पायरी एकने वाढते. दोन्ही पाच असतील तर मागणी ऐकलीच जात नाही.

पायरीप्रमाणे द्यायचं ते असं. पहिली: नारळ-विडा आणि त्या जागी एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, स्वस्थ बसणं, पुढच्या सूर्यास्ताच्या आत. दुसरी: आठ दिवसांच्या आत त्या गावात एक अख्खा दिवस उपाशीपोटी राबणं, आणि त्या दिवशी जखमा भरत नाहीत. तिसरी: राखणदार सांगेल ते एक काम येत्या अमावास्येच्या आत, आणि ते होईपर्यंत एक चतुर्थांश हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा, गहाण. चौथी: दरवर्षी त्याच तिथीला त्याच जागी हजेरी, आयुष्यभर. पाचवी लगेच वसूल होते आणि परत मिळत नाही. एखादं कौशल्य कायमचं जातं, किंवा एका जवळच्या माणसाच्या मनातून पात्राची ओळख पुसली जाते. कोणता माणूस हे खेळाडू सांगेल, जीएम नाही.

मुदत चुकली की नवस एक पायरी चढतो आणि त्याला नव्या पायरीची मुदत लागू होते. फेडायला विसरलेला नारळ सव्वा वर्षाच्या आत पाचव्या पायरीला पोचतो. हे गणित खेळाडूंसमोर एकदा मोठ्याने करून दाखवावं. त्यानंतर पहिल्या पायरीलाही कोणी हलक्यात घेत नाही.

सगळ्या पायऱ्यांत वेळ, शरीर, कष्ट आणि नाती आहेत. रोख पैसा कुठेच नाही, कारण पैशातली किंमत फार लवकर निकामी होते. पहिल्या लेव्हलला शंभर मोहरा म्हणजे डोंगर वाटतात, पाचव्या लेव्हलला पार्टीकडे त्या पोत्याने असतात, आणि ज्या जादूवर अंकुश हवा होता ती खिरापत होऊन बसते. पात्राकडे वेळ मात्र कधीच साचत नाही. पाठलाग चालू असताना २४ मिनिटं एका जागी बसणं राजालाही परवडत नाही.

आता एक मागणी मोजून बघू. सहा जणांच्या पार्टीमागे वीस घोडेस्वार लागलेत आणि मांत्रिकाला चकवा हवा आहे. वीस माणसं म्हणजे दहाच्या वर, आवाका ३. एक प्रहर पुरेल, मुदत २. पायरी तिसरी, म्हणजे हिट पॉइंट गहाण आणि वर एक काम. मांत्रिक विचार करतो आणि मागणी बदलतो: सगळे नकोत, फक्त पुढे चालणारा वाटाड्या चकवा. आवाका १, मुदत २, पायरी दुसरी. बाकीचे स्वार वाटाड्याच्या मागून आपोआप भरकटतील, फक्त त्यांच्यातल्या कुणाला इथली वाट माहीत नसावी. या घासाघिशीतच ही व्यवस्था चालते की नाही ते कळतं. खेळाडू मागणी कातरून कातरून लहान करू लागले की शिडी बरोबर बसली असं खुशाल समजावं.

कौल

गाऱ्हाणं तीन वाक्यांत घालायचं: कोणाच्या शिवेत उभे आहोत, काय हवं आहे, बदल्यात काय देऊ. मग २डी६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, टाकायचे आणि मांत्रिकाचं कौशल्य मिळवायचं, ते शून्य ते दोन. दोन साथीदारांनी तरी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं तर आणखी एक. याच राखणदाराचा आधीचा नवस वेळेवर फेडला असेल तर आणखी एक. एकूण बेरीज तीनच्या वर जाऊ द्यायची नाही.

दहा किंवा जास्त आले तर उजवा कौल, मागितलं ते मिळालं. सात ते नऊ आले तर राखणदार जास्त मागतो. पायरी एकने चढवायची किंवा मागणी एका मापात कमी करायची, निवड खेळाडूची. सहा किंवा कमी आले तर डावा कौल, मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत हा राखणदार त्या मांत्रिकाचं ऐकत नाही. ही तीन भागांची विभागणी २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमुळे रूढ झाली. इथे ती हवी, कारण घासाघीस मधल्या भागातच होते.

आकडे असे पडतात. बोनस शून्य असेल तर उजवा १६.७ टक्के, मधला ४१.७ आणि डावाही ४१.७. एक असेल तर २७.८, ४४.४, २७.८. दोनला ४१.७, ४१.७, १६.७. तीनला ५८.३, ३३.३, ८.३. चार होऊ दिला तर डावा कौल २.८ टक्क्यांवर येतो, म्हणजे छत्तीसात एकदा. मग फासा टाकणं हा नुसता उपचार उरतो. म्हणून मर्यादा तीनची. बऱ्याच होमब्रू, म्हणजे घरी रचलेल्या, व्यवस्था इथेच फसतात. वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळ्या कारणांनी एक-एक बोनस दिलेला असतो आणि सगळे एकत्र केले की काय होतं ते कोणी मोजलेलं नसतं. आपल्या नियमांतले सगळे बोनस एका ओळीत लिहून बेरीज करायला पाच मिनिटं लागतात.

डाव्या कौलावर नवस लागू होत नाही, हेही विचारपूर्वक ठेवलं आहे. संधीही गेली आणि वर उधारीही बसली, असं दोनदा झालं की खेळाडू जादूचं नाव काढत नाही. पुढची सेशनं तो दगडफेकीवर काढतो आणि तुमचं सगळं लिखाण फाइलमध्येच राहतं.

‘व्हय म्हाराजा’चा बोनस दिसतो त्यापेक्षा जास्त काम करतो. मांत्रिक आपल्या पाळीत दहा मिनिटं पान उलटत बसतो आणि बाकीचे फोन काढतात, ही बहुतेक जादूप्रधान खेळांची दुखरी नस. इथे साथ द्यायची तर काय मागितलं जातंय ते ऐकावं लागतं. शिवाय साथ देणाऱ्यालाही कळतं की आपण कशाला होकार दिला. पण तीन वाक्यं पहिल्यांदा बोलताना मजा येते, सातव्यांदा कंटाळा येतो. म्हणून पहिल्या पायरीला गाऱ्हाण्याची सक्ती नसावी, नुसता फासा पुरे. एक मागणी, मोजणी आणि फासा धरून, दोन मिनिटांत आटोपली पाहिजे. त्याहून वेळ लागत असेल तर मापांचा तक्ता खेळाडूसमोर नाही, जीएमच्या पडद्यामागे आहे असा त्याचा अर्थ.

उधारीचा हिशेब

एका मांत्रिकाकडे एका वेळी न फेडलेले तीनच नवस असू शकतात. चौथ्या गाऱ्हाण्याला कौलच लागत नाही. चौथ्या पायरीचा वार्षिक नवस यात कायमचा मोजला जातो, म्हणजे एक जागा आयुष्यभर अडते. तीन हा आकडा जीएमच्या सोयीने निवडला आहे. टेबलावर दोन मांत्रिक असतील तर सहा उधाऱ्या होतात, आणि त्याहून जास्त कोणाच्याही लक्षात राहत नाहीत.

उधारीवरच्या व्यवस्था बहुतेकदा एकाच कारणाने कोसळतात: कोणी लिहून ठेवलेलं नसतं. खेळाडूला लिहायचं नसतं, जीएमला आठवत नाही आणि जादू फुकट होते. उपाय साधा आहे. प्रत्येक नवसाला तीन बाय पाच इंचांचं एक कार्ड घ्यायचं. त्यावर जागा, मागणी, पायरी आणि मुदत एवढ्या चार ओळी लिहायच्या. कार्ड टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. फेडलं की खेळाडूने स्वतः फाडायचं. ऑनलाइन खेळत असाल तर व्हर्च्युअल टेबलटॉपच्या नकाशावर त्या-त्या गावावर खूण चिकटवावी. पार्टीची वाट कोणत्या उधारीजवळून जाते ते मग नकाशाच सांगतो.

खेळातलं कॅलेंडर किती वेगाने पळतं तेही तपासून घ्या. अमावास्या साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते. तुमचं एक सेशन खेळातला एकच दिवस व्यापत असेल तर तिसऱ्या पायरीची मुदत कधी संपणारच नाही, तिथे अमावास्येऐवजी आठवड्याचा बाजार धरावा. याउलट दोन सेशनमध्ये सहा महिन्यांचा प्रवास होत असेल तर सगळे नवस वाटेतच चढून बसतील.

थकलेल्या, म्हणजे मुदत उलटलेल्या, प्रत्येक नवसामागे दुसऱ्या कोणत्याही शिवेत कौलाला एक वजा. राखणदार एकमेकांशी बोलतात. हा नियम नसेल तर पार्टी उधारी करून गाव सोडते आणि परत फिरकत नाही.

जगावर काय परिणाम होतो

हा भाग बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि खेळाडू नेमके इथेच बोट ठेवतात. पाचव्या आवृत्तीतला ‘क्रिएट फूड अँड वॉटर’ हा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल घ्या. ४५ पौंड अन्न आणि ३० गॅलन पाणी, पंधरा माणसांना एक दिवस पुरेल एवढं. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याकडे, असे दोन स्लॉट असतात, म्हणजे रोज तीस माणसं. तीनशे शिबंदीच्या किल्ल्याला असे दहा क्लेरिक पुरे, आणि त्यांच्यासमोर वेढा कायमचा निकामी. मराठी खेळाडूच्या डोक्यातला किल्ला धान्याच्या कोठारांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर टिकतो. जिंजीचा वेढा १६९० ते १६९८ चालला, त्याला गडावर बाहेरून रसद पोचत होती हेही एक कारण. तुमच्या जगात किल्ले हवे असतील तर आधी हा एक स्पेल काढा. किल्ले आणि हा स्पेल दोन्ही ठेवायचे असतील तर कोणीतरी हे दहा क्लेरिक पळवायला निघालं पाहिजे.

आपल्या शिडीवर तेच मोजू. उन्हाळाभर गडाचं टाकं आटू नये. गड म्हणजे गावाएवढा आवाका, ४. मुदत एक ऋतू, ४. दोन्ही सारखे, म्हणून पायरी पाचवी. ज्या गडाने वेढा सोसला त्या गडावर कोणीतरी परत न मिळणारं काहीतरी देऊन बसलंय. ते कोण आणि त्याने काय दिलं, एवढ्यात एक अख्खं कॅरेक्टर तयार होतं. शिवाय वेढा घालणाऱ्याची छावणी त्याच शिवेत असेल तर तोही त्याच राखणदाराकडे गाऱ्हाणं घालू शकतो. एकमेकांच्या विरोधातल्या मागण्या आल्या तर चढ्या पायरीची मागणी टिकते, आणि प्रत्येकाला पायरी वाढवायची एकच संधी द्यायची. एकापेक्षा जास्त दिल्या तर अर्धा तास लिलाव चालतो.

माहिती देणारी जादू खुनाच्या आणि कटाच्या कथांना सुरुंग लावते. प्रेताला पाच प्रश्न विचारता येत असतील तर तपासाची गरजच काय? इथे राखणदाराला आपल्या शिवेतली कृत्यं दिसतात, हेतू दिसत नाहीत, आणि बाहेरून आलेल्यांची नावं त्याला माहीत नसतात. त्यामुळे शहाणा खुनी आधी माणसाला शिवेबाहेर नेईल आणि मगच काम उरकेल. शीव नदीच्या मधून जात असेल तर अर्धा पुरावा एका राखणदाराकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे, आणि दोघांचं आपसांत भांडण. लिहिताना जी अट आडकाठी वाटते तीच पुढच्या सेशनला कथानक पुरवते.

मारामारीचं थोडक्यात. पाचव्या आवृत्तीतला फायरबॉल ८डी६, सरासरी २८. चार शत्रू घेऱ्यात सापडले आणि कोणीच वाचलं नाही तर ११२. त्याच लेव्हलचा लढवय्या दोन वारांत, दोन्ही लागले तर, सतराच्या आसपास पोचतो. ही दरी आकडे घासून बुजत नाही. आग आणि मारणं काढून टाकलं की मांत्रिक रणभूमी बदलतो आणि लढवय्या माणसं पाडतो. मांत्रिक ओढ्याचं पाणी वळवेल, पण चिखलात रुतलेल्यांवर वार दुसऱ्यालाच करावा लागेल.

पळवाटा

लिखाण पुरं झालं की ते टेबलावरच्या सर्वांत हिशेबी खेळाडूला द्यावं आणि ‘मोड’ म्हणून सांगावं. या व्यवस्थेत तो तीन गोष्टी काढेल. पहिली, नवस दुसऱ्याकडून फेडून घेणं. मजूर लावून उपास करवला की श्रीमंत मांत्रिकाला सगळं फुकट. म्हणून बोलणाऱ्यानेच फेडायचा. तो मेला तर वारसाकडे जातो, आणि हा अपवाद ठेवण्यासारखा आहे, कारण त्यातून पात्रांना पूर्वजांच्या उधाऱ्या मिळतात. दुसरी, एक मोठी मागणी लहान तुकड्यांत तोडणं: एका प्रहराचे आठ नवस केले की दिवस-रात्र झाली. त्याला तीन नवसांची मर्यादा बरीच रोखते. तरीही एकाच कामासाठी एका शिवेत एकच उधारी, असं लिहून टाकावं. तिसरी, शिवेच्या रेषेवर उभं राहून दोन राखणदारांना खेळवणं. ही पळवाट उघडी ठेवा. खेळाडू शीव कुठे आहे ते नकाशात शोधू लागतो, याहून चांगलं काय हवं?

करणी, भानामती आणि चेटूक

दुष्ट जादू हवी म्हणून हात पहिल्यांदा याच शब्दांकडे जातो. वापरण्याआधी थांबावं. चेटकीण ठरवून बायकांना मारल्याचे प्रकार आपल्या राज्यात खरोखर घडलेले आहेत, आणि त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ज्या जगात करणी खरी असते आणि गावाचा संशय दर वेळी बरोबर ठरतो, ते जग नकळत मारणाऱ्यांची बाजू घेतं. या व्यवस्थेत खलनायकासाठी वेगळी विद्या लागतच नाही. नवस बुडवणारा हाच खलनायक. तो पायऱ्या चढत गेलेल्या उधाऱ्या घेऊन गावोगाव हिंडतो आणि वारसाचा अपवाद वापरून त्या इतरांच्या गळ्यात बांधतो.

याच्या शेजारचा प्रश्न मानाचा. खऱ्या गावांत गाऱ्हाणं कोणी घालायचं हे बहुधा पिढीजात ठरलेलं असतं. मानकरी ठरलेले, गुरव ठरलेला. तसंच उचलून मांत्रिकाचा वर्ग जन्मावर बांधला तर टेबलावर जात येऊन बसते. माझा कल असा की राखणदार सगळ्यांचं ऐकतो, गावचे मानकरी मात्र तसं म्हणत नाहीत. या फटीत भांडण आहे आणि पार्टीला बाजू घ्यावी लागते.

चाचणी

पूर्ण कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी कथा, सुरू करण्याआधी तीन तासांचा एक वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, घ्यावा. चार तयार पात्रं, त्यांत दोन मांत्रिक. पाच अडचणी मांडायच्या: कुलूपबंद वाडा, पूर आलेली नदी, खोटं बोलणारा साक्षीदार, पाठलाग आणि रक्त वाहत असलेला सोबती. प्रत्येक अडचण जादूशिवायही सुटली पाहिजे. जीएमने फक्त मोजत राहायचं. किती अडचणींत जादू वापरली, कितीदा नियम विचारले, कोणत्या पायरीवर घासाघीस झाली. पाचांपैकी दोन-तीन अडचणींत जादू आली तर शिडी ठीक. पाचही वेळा आली तर किंमत स्वस्त आहे, दुसऱ्या पायरीची मुदत आठवरून तीन दिवसांवर आणा. एकदाही आली नाही तर खेळाडू घाबरलेत, आणि याचं कारण बहुधा तिसरी पायरी असतं. गहाण चतुर्थांशाऐवजी षष्ठांश करून बघा. फाशांना सगळ्यांत शेवटी हात लावा. फासे बदलले की सगळे आकडे एकदम हलतात आणि नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही.

हे सगळं पाचव्या आवृत्तीवर बसवायचं असेल तर स्लॉट असलेले वर्ग पूर्ण काढा. दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवल्या तर कोणीच नवस बोलणार नाही, कारण स्लॉट उद्या सकाळी फुकट परत मिळतात. सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा), हिट पॉइंट आणि चकमकींचे नियम तसेच राहू द्या. पात्र कौल २डी६ वर टाकेल आणि बाकी सगळं डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर. लिखाण प्रसिद्ध करायचं असेल तर एसआरडी ५.१, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय देण्याच्या परवान्याखाली खुलं आहे. त्यातला मजकूर श्रेय देऊन वापरता येतो, पण त्याबाहेरची राक्षसांची आणि जगांची नावं उचलू नका.

खेळाडूंच्या हातात एकच पान द्यायचं. वरच्या अर्ध्यात पाच क्रियापदं, सहा नामं आणि नकार. खालच्या अर्ध्यात दोन मापं, पाच पायऱ्या आणि कौलाचे तीन निकाल. मागच्या बाजूला मोजून दाखवलेल्या बारा मागण्या, प्रत्येकीपुढे आवाका, मुदत आणि पायरी. त्यांतल्या निदान चार पहिल्या पायरीच्या असाव्यात. पहिल्या सेशनला खेळाडू त्याच चार करून बघतात.